फलकावरचे नाव खोडावे

मी, डॉक्टर मल्हारी मुंजाबा शिंगाडे, वय वर्षे त्र्याहत्तर, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त, मूळ गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड, हल्ली मुक्काम पुंडलिकनगर, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी स्वतः पस्तीस वर्षे गुरांच्या मालकांना हेच वाक्य सांगत आलो, म्हणून आधी कागद करून ठेवतो.

सन २००४ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली होती म्हणजे मी ती लिहिली नव्हती.

१. पुंडलिकनगरमधील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझी पत्नी राजाबाई हिला देतो. तिच्या हयातीत घर विकण्याचा किंवा पाडून फ्लॅट बांधण्याचा विषय चिरंजीव विलास याने तिच्यापुढे काढू नये. तो वाईट नाही, पण पुण्याहून येतो तो दरवेळी कोणत्या तरी बिल्डरचे कार्ड घेऊन येतो. तिच्या पश्चात घर विलास व कन्या सुशीला यांना समान. बँकेतील ठेवीही राजाबाईच्या.

२. गावाकडची जमीन माझ्या वाट्याची जेवढी आहे तेवढी बहीण बानाबाई हिला. ती व तिची मुले अजून मेंढरे राखतात. वडिलांची लोकर कातरायची कातर आणि घोंगडी माझ्या कपाटात आहे, तीही तिला द्यावी. घोंगडीला डांबराच्या गोळ्यांचा वास लागला आहे. त्याबद्दल ती मला नावे ठेवील, ते ऐकून घ्यावे.

३. डॉक्टरकीची हत्यारे, म्हणजे खच्चीकरणाचा चिमटा, सुया, वासरू ओढायच्या दोऱ्या, हे सर्व देवगावच्या जनावरांच्या दवाखान्याला. शेजारचे गृहस्थ माझा चिमटा दोन वर्षांपूर्वी ‘बघायला’ घेऊन गेले. तो आधी परत आणावा.

४. गोल्फच्या काठ्या, अकरा नग, कातडी पिशवीसह, माझे मित्र बन्सी तुपे, वीज मंडळातून निवृत्त, यांना देतो. यातली एक काठी मधून वाकलेली आहे. ती त्यांनीच बाभळीवर आपटून वाकवली आहे. या काठ्या आधी दुसऱ्याच्या नावे लिहिल्या होत्या. त्याचे कारण पुढच्या कलमात येते, आणि ते कलम लांब आहे.

५. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर आमच्या गावच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. त्या पहिल्या वर्गात मी आणि आप्पासाहेब निकम एका तरटावर बसलो. त्याचे वडील रामकिसन पाटील यांनी माझ्या बापाला समजावले म्हणून मी शाळेत गेलो. एरवी मी मेंढरामागे गेलो असतो. पुढे मी जनावरांचा डॉक्टर झालो, आप्पाने शेती आणि शहरात बी-बियाण्यांचे दुकान केले.

शहराबाहेरच्या माळावर टेकडी गोल्फ क्लब आहे. नऊ होल. पाण्याची टंचाई कायमची, म्हणून होलभोवती हिरवळ नाही, तेलात मळलेल्या वाळूचा गोल असतो. त्याला आम्ही ब्राउन म्हणतो. खेळून झाले की फळीने वाळू सारखी करायची. मैदानाचा रूळ ओढायला क्लबची बैलजोडी होती. १९८१ साली त्यातला एक बैल लंगडू लागला, म्हणून मला बोलावले. आप्पा तिथे आधीपासून सभासद होता. बैल बरा झाला तेव्हा त्याने माझ्या हातात काठी दिली. मी पहिल्याच फटक्याला माती उडवली, चेंडू जागेवर. आप्पा इतका हसला की खाली बसला.

त्याने माझे नाव सभासदत्वासाठी सुचवले, तेव्हा बैठकीत एकाने विचारले की धनगराचा मुलगा आता इथे खेळणार का. आप्पा म्हणाला, “बैलाला हात लावताना त्याला जात विचारली नव्हती तुम्ही.” मला हे बन्सीने सांगितले. आप्पाने कधीच सांगितले नाही.

तेव्हापासून सोळा वर्षे दर रविवारी आम्ही चौघे खेळत होतो. आप्पा, बन्सी, मी आणि औषधांच्या दुकानाचे बद्रीनाथ. बद्रीनाथ आता नाहीत. उन्हाळ्यात सहाला सुरू करून नऊला संपवायचे, मग क्लबच्या ओट्यावर चहा. आम्ही कोणीच फार चांगले खेळत नव्हतो. बन्सी तर फटका मारण्याआधी चेंडूशी बोलत असे. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस मोजायला सांगितले तर त्यात ते रविवार बरेच येतील.

आता जे लिहायचे ते.

तो माळ क्लबच्या ताब्यात जाण्याआधी दरवर्षी दिवाळीनंतर आमची मेंढरे तिथे उतरत. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा तारेचे कुंपण आले. रखवालदाराने माझ्या बापाला मेंढरांसकट हाकलले. बाप कुंपणाच्या कडेकडेने मेंढरे घेऊन पडेगावच्या बाजूला गेला आणि पुन्हा तिकडे कधी उतरला नाही. क्लबच्या हॉलमध्ये लाकडी फलक आहे. दरवर्षी चषक जिंकणाऱ्याचे पूर्ण नाव त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवतात, बापाच्या नावासह. ज्या दिवशी मी तो फलक पहिल्यांदा पाहिला, त्या दिवसापासून मला तिथे ‘मुंजाबा’ हे नाव हवे होते. हे मी कोणाला बोललो नाही. राजाबाईलासुद्धा नाही.

जानेवारी १९९८. चषकाचा शेवटचा दिवस. आम्ही चौघे एकत्रच खेळत होतो. दुसऱ्या फेरीत सातव्या होलवर मी आप्पाच्या एक फटका पुढे होतो. माझा चेंडू नाल्याच्या कडेला बाभळीच्या मुळाशी खुराच्या खड्ड्यात अडकला. तिथून तो निघाला नसता. मी वाकलो, गवत बाजूला केल्यासारखे केले आणि बुटाच्या टोकाने चेंडू वीतभर सरकवला. मग मारला. चांगला गेला.

बन्सी मागे विडी पेटवत होता. बद्रीनाथ पुढे गेले होते. आप्पा नाल्यापलीकडे होता.

शेवटी मी एका फटक्याने जिंकलो. चेंडू असा हलवला तर दोन फटके दंड असतो, हे आम्हा सर्वांना पाठ होते. फटक्यांच्या कार्डावर सही करण्याआधी आप्पाने मला बोरीच्या झाडाखाली बाजूला घेतले. आवाज खाली ठेवून तो म्हणाला, “मल्हारी, सातव्याचे दोन फटके धरलेस ना?”

मी म्हणालो, “कसले दोन फटके?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सही करू नकोस.” मी सही केली.

त्यानंतर त्याने समितीकडे तक्रार केली. समितीने बन्सीला विचारले. बन्सीने सांगितले की आपण डॉक्टरांकडेच बघत होतो, चेंडूला कोणी हात लावला नाही, पाय लावला नाही. समितीचे म्हणणे पडले की हरलेल्या माणसाचा राग आहे. आप्पाला लेखी माफी मागायला सांगितले. त्याने सभासदत्वाचा राजीनामा लिहून टेबलावर ठेवला आणि निघून गेला. पुढे दोन वर्षांत दुकानही मुलाच्या हाती देऊन गावी राहायला गेला. दुकान या कारणाने सोडले असे तो म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

माझे नाव फलकावर लागले. त्या संध्याकाळी मी राजाबाईला दाखवायला नेले. तिला अक्षरे लावून वाचता येते. तिने सासऱ्याचे नाव वाचले आणि पदर डोळ्याला लावला. मी तिथे उभा होतो, आणि तिला घरी घेऊन जावे एवढेच मला सुचत होते.

शस्त्रक्रियेचे ठरल्यावर मी नवा कागद लिहायला घेतला. त्यात लिहिले की चेंडू मी हलवला होता, आप्पा खरे बोलत होता, आणि माझ्या काठ्या त्याला द्याव्या. मग राजाबाईला वाचून दाखवले, कारण तिला मागाहून दुसऱ्याकडून कळू नये. तिने सगळे ऐकले. बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “मेल्यावर सांगणार व्हय? तवा त्यानं काही विचारलं तर उत्तर कोण देणार, मी?”

दुसऱ्या दिवशी मी बन्सीकडे गेलो. त्याच्या साक्षीचे काय, हा प्रश्न होताच. बन्सी म्हणाला की त्याला त्या दिवशीही शंका होती, पण त्याने मला विचारले नाही. म्हणाला, “माझे नाव घालून लिही. मी बघत नव्हतो, तरी बघत होतो असे सांगितले.” त्याच्याच सुनेच्या गाडीतून आम्ही देवगावला गेलो. बन्सी गाडीतच बसून राहिला.

आप्पा मोसंबीच्या बागेत होता. बागेच्या कडेला त्याने थोडी जागा रोलर फिरवून सारखी केली आहे आणि मातीत एक पत्र्याचा डबा पुरला आहे. तिथे तो एकटाच चेंडू मारतो, असे द्वारकाबाई वहिनींनी मला सांगितले. त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी उभ्या उभ्याच सांगितले. बापाचे आणि फलकाचेही सांगितले. माफी हा शब्दही वापरला, पण तो नीट उच्चारला गेला की नाही सांगता येत नाही.

आप्पा म्हणाला, “मला नवीन काय सांगतोस? मी बघितलं होतं.”

 पाट चालू होता. त्याने खोऱ्याने एका वाफ्याचे दार फोडले, दुसऱ्याचे बांधले. नंतर म्हणाला, “बोरीखाली बापाचं सांगितलं असतंस तर मी तक्रार केली नसती. दोन फटके धरले असते, गोष्ट आपल्या दोघांतच राहिली असती. पण तू मला ‘कसले’ म्हणालास.”

मी म्हणालो, “व्हय.”

“ते मला लई दिवस ऐकू येत होतं.”

त्याने मला माफ केले असे मी लिहीत नाही, कारण तो तसे बोललेला नाही. त्याने चहा घ्यायला लावला, बन्सीलाही गाडीतून बोलावून घेतले आणि त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. मी खिशातला मसुदा काढून काठ्यांचे कलम दाखवले. आप्पाने सगळा कागद वाचला. दोनदा वाचला. मग विचारले की साक्षीदार कोण. मी सांगितले, अजून ठरले नाहीत. तो म्हणाला, “मी करतो सही.”

वकिलांनी मला बजावले होते की ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. मी ते सांगितले. आप्पा म्हणाला, “मग काठ्या काढ त्यातून.”

म्हणून काठ्या बन्सीच्या नावे गेल्या आहेत.

६. टेकडी गोल्फ क्लबच्या समितीस विनंती की १९९८ सालासमोरचे माझे नाव खोडून तिथे आप्पासाहेब रामकिसन निकम हे नाव लिहावे, व त्याच्याकडे केलेली माफीची मागणी समितीने मागे घ्यावी. या कलमाची प्रत मी सचिवांना कालच देऊन आलो. त्यासाठी माझ्या मृत्यूची वाट बघू नये. माझ्या बापाचे नाव त्या फलकावरून जाईल. जाऊ द्यावे. चषक घरातील काचेच्या कपाटात आहे. राजाबाई त्यात सुटे चमचे ठेवते. ते काढून तोही परत द्यावा.

७. माझे क्रियाकर्म घरच्या रीतीने करावे. राख सातव्या होलवर टाकावी असे बन्सीने सुचवले आहे. तसे करू नये. तिथे लोकांना खेळायचे असते.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बन्सी तुपे यांनी करावी. कागदपत्रे कुठे आहेत हे राजाबाईला माहीत आहे. काही वाद झाल्यास तिचे म्हणणे शेवटचे समजावे. इतकी वर्षे ते तसेच चालत आले आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही करतो.

स्थळ : पुंडलिकनगर, औरंगाबाद
दिनांक : ९ मार्च २०१४, रविवार

सही
मल्हारी मुंजाबा शिंगाडे

साक्षीदार पहिला :
चतुराबाई साळवे, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार शेजारच्याच घरी. डॉक्टरांनी माझ्यासमोर शांत चित्ताने सही केली. चिमटा माझ्या यजमानांकडे आहे, उद्या आणून देते.

साक्षीदार दुसरा :
आप्पासाहेब रामकिसन निकम, शेती, राहणार देवगाव रंगारी. सर्व मजकूर वाचला. मल्हारीने माझ्या देखत सही केली. मी समोर बसून पाहिले, आणि पाहिले ते लिहून देत आहे.