तळाची गादी

देहरादून, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मध्येच आजी उत्तरं देते, म्हणून पत्र. तुमच्या मोतीबिंदूमुळे हेही तीच वाचून दाखवणार. आजी, नमस्कार. काही गाळू नकोस.

माझा नवा पासपोर्ट मुंबईला, तुमच्या घोडपदेवच्या पत्त्यावर गेला. पोस्ट म्हणतं पोचला, सही लक्ष्मी. आजी म्हणते काहीच आलं नाही. चोवीस तारखेला दिल्लीत व्हिसासाठी तो दाखवला नाही, तर ग्रीसमधली माझी संशोधनाची जागा दुसऱ्याला जाईल. चार वर्षं घासली आहेत यासाठी. रडू येतं.

तिथे काय करणार, असं विचारलं होतंत. तिथल्या एका बेटावर वीस-पंचवीस किलोमीटर खोल तयार झालेले दगड उघड्यावर आहेत. कुणी खणलेले नाहीत. जमीन दोन्हीकडून ताणली गेली, वरचे थर तिरक्या भेगेवरून घसरत बाजूला झाले, वजन उतरलं आणि तळाचा गरम खडक फुगून वर आला. लाखो वर्षं लागली.

तुम्ही पाच मिनिटांत करून बघा. ट्रंकेवरच्या सगळ्या गाद्या एकेक करून बाजूला ओढा. दबलेली फोमची गादी वर येईल. मात्र तळापर्यंत जा, अर्धवट सोडू नका.

लोभ आहे तसा ठेवा, थोडा आजीवरही ठेवा.
तुमची मनवा

घोडपदेव, ९ फेब्रुवारी

चि. मनवास,
अ. उ. आ.

अक्षर मोठं काढलंय, ओळीवर ओळ चढली असेल तर सांभाळून घे.

गिरणीत कापड ताणलं की पातळ व्हायचं, तेव्हा जमिनीचं पटलं. पण तुझ्या शास्त्रात खोट दिसते. तू लिहिलंस तसं वरच्या दोन गाद्या बाजूला केल्या, तर खालून निघाली एक डांबरगोळी आणि माझी माकडटोपी. तिच्यापायी मी शेजारच्या गुणाजीला वर्षभर टोमणे मारत होतो. आता माफी मागायला जाणं आलं.

पासपोर्टाचं विचारलं तर आजीने पोस्टमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुपारी त्यालाच चहा पाजला. मला काही कळत नाही. तुझी काळजी मात्र वाटते.

माया असू दे.
तुझा आजोबा, जयवंत

घोडपदेव, १३ फेब्रुवारी

चि. मनवास,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

‘सगळ्या गाद्या’ असं होतं, तिथे मी ‘वरच्या दोन’ वाचलं. ‘तळापर्यंत जा’ ही ओळ गिळली. मी वस्तू कुठे ठेवते ते तुला पक्कं ठाऊक, म्हणे शास्त्र.

पण तुझे आजोबा टोपीची माफी मागायला गुणाजीकडे गेले आणि तुझं पत्रही त्याच्याकडून वाचून घेतलं. काल मी दळण घेऊन परतले तर सगळ्या गाद्या गॅलरीत, फोमची टुम्म फुगलेली, आणि हे तिच्यावर बसून पासपोर्टातला तुझा फोटो डोळ्याला लावून बघतायत. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, लक्ष्मी, पोरगी मोठी दिसते गं यात. मग मलाच रडू फुटलं.

हो, मीच लपवला. दीड वर्ष तू घरी आली नाहीस. आता ग्रीसला गेलीस की तीन वर्षं. मी शहात्तरची. भीती वाटते गो, दुसरं काही नाही.

तुला अडवणार नाही. पण पासपोर्ट पोस्टाने पाठवणारही नाही. वीस तारखेला ये, बांगड्याचं तिखलं खा, आजोबांचे कान खा, आणि बावीसला इथूनच दिल्लीला जा. तोवर तो माझ्या पोलक्यात आहे. तिथून कुठल्याही शास्त्राने वर येत नाही.

पत्रातून लोभ पुष्कळ केलास, आता समोर बसून कर.
तुझी आजी