चुन्याचे तीन हात

नाशिक,
दि. ९ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. चांगुणा हिस धोंडीरामदादाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुम्हीही घोटीला सगळे खुशाल असाल. मल्हारीरावांचं भाताच्या गिरणीतलं काम चालू असेलच. तुझ्या वहिनीचा गुडघा धरलाय, तोंड मात्र ठणठणीत आहे.

सात वर्षांत मी तुला अकरा पत्रं टाकली. उत्तर एकाचंही नाही. हे बारावं. फाडू नकोस, यात बातमी आहे.

मी आमदारकीला उभा राहिलो आहे. अपक्ष. चौथी पास, वय एकसष्ट, धंदा पेंटर, तोही आता सोडलेला. हसून झालं असेल तर पुढं वाच.

दोन वर्षांमागं मी ब्रश खाली ठेवला. हात थरथरायला लागला, सरळ दांडी ओढली की तिला पाय फुटायचे. त्याआधी चौतीस वर्षं या गावात ज्याला ज्याला निवडून यायचं होतं त्याचं नाव मी भिंतीवर लिहिलं. तुला ठाऊक आहे, निवडणुकीचा वास आला की आम्ही पेंटर लोक आधी भिंती धरायचो. चुना मारायचा, कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि साल टाकायचं, की ती भिंत त्याची. दुसरा पेंटर तिला शिवत नसे. मी एकेका पावसाळ्याआधी चाळीस चाळीस भिंती धरल्या आहेत. आता म्हटलं, एखादी आपल्यासाठी धरावी.

अर्जाला सूचक लागतो. सायकलवाल्या कोंडाजीला विचारलं, तर तो पंक्चर काढता काढता म्हणाला, "पेंटर, तू पडणार." मी म्हणालो, "पडणारच. तू सही कर." त्यानं हात पुसले आणि केली. छाननीत अर्ज मंजूर झाला.

लगेच रावजी आला. आमदारसाहेबांच्या पक्षाचा आपल्या वस्तीतला माणूस, विसरली नसशीलच. आता पोट सुटलंय आणि स्कूटर घेतलीय. ओट्यावर बसला, तुझ्या वहिनीकडून चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, या वयात कशाला ही दगदग? चार-पाचशे मतं खाल, ती आमचीच. तेरा तारखेला दुपारी तीनच्या आत अर्ज मागं घ्या, साहेब विसरणार नाहीत."

मी म्हणालो, "साहेब काय काय विसरले ते मला तोंडपाठ आहे."

तो आणखी एक गोष्ट बोलला. ती लिहीत नाही.

तू विचारशील, दादा, कशासाठी उभा राहिलास? चौकात मी सांगतो, वस्तीच्या पाण्यासाठी. ते खोटं नाही. तू ये आणि ऐक, असं म्हणायची माझी छाती नाही. म्हणून पत्रच टाकतो.

तुझा भाऊ,
धोंडीराम

नाशिक,
दि. १८ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

अर्ज मागं घेतला नाही. तेरा तारखेला दुपारी तीन वाजेपर्यंत मी कोंडाजीच्या दुकानात बाकड्यावर पाय वर घेऊन बसलो होतो. रावजीची स्कूटर चार वेळा रस्त्यावरून गेली. चौथ्या वेळी मी रामराम केला.

चिन्ह शिडी मिळालं. मी ब्रश मागणार होतो, तो यादीतच नाही. शिडीही वाईट नाही, अर्धं आयुष्य तिच्यावरच गेलं.

आता एक गंमत. माझी पहिली भिंत मी स्वतःच लिहायला घेतली. हात धरून धरून ओढलं: "यांना प्रचंड बहुमतांनी विजयी करा." खाली उतरून बघतो तर वर नाव साहेबांचं! मेंदू माझा, पण हाताला चौतीस वर्षांची सवय. बायका हंडे खाली ठेवून हसल्या. लताबाई म्हणाली, "पेंटरदादा, तुम्हीच त्यांना मत देताय तर आम्ही काय करायचं?" मीही हसलो. मग चुना घेतला आणि साहेबांचं नाव पुसलं. पुसताना जे आठवलं त्यानं हसू गेलं.

मागच्या पत्रात रावजीची एक गोष्ट लिहिली नव्हती. तो म्हणाला होता, "तुमच्या दारातल्या नळाचं लक्षात आहे ना, दादा?"

लक्षात आहे. तुझ्याही असेल. सत्त्याहत्तरच्या श्रावणात नळाला गढूळ पाणी आलं, ते गाळून, तुरटी फिरवून आपण प्यायलो, आणि आठ दिवसांत वस्तीतली नऊ लेकरं गेली. गोदामाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी त्यांची नावं लिहिली, काळ्या रंगात, वीतभर उंच, शेजारी वय. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं म्हणून. तिसरं नाव आपल्या भागीचं होतं. भागी, वय सात. आपल्या आईचं नाव तू पोरीला ठेवलंस तेव्हा मी पेढे वाटले होते.

मग अठ्ठ्याहत्तरची निवडणूक आली. साहेबांची सभा त्याच रस्त्यावर होती. भिंत पांढरी पाहिजे, वर "स्वागत" पाहिजे. मी तुला सांगितलं, रावजीनं जबरदस्ती केली, मी हातावर पोट असलेला माणूस, नाही कसं म्हणणार. तू ऐकून घेतलंस आणि घरात गेलीस.

चांगुणे, जबरदस्ती कुणी केली नाही. मी सौदा केला. रावजीला म्हणालो, भिंत पांढरी करतो, वस्तीला नवी लाइन टाका. तो म्हणाला, लाइनचं बघू, तूर्त एक नळ देतो, कुठं बसवू? वस्ती म्हणजे शंभर घरं, चौक, शाळा. मी म्हणालो, माझ्या दारात बसवा.

महिन्याभरात नळ आला. स्वच्छ पाणी, बुडाचा पैसा दिसावा असं. तू माझ्या शेजारी राहून एक तांब्या त्यातला घेतला नाहीस. लांब द्वारका नाक्याच्या नळावर जाऊन हंडा आणायचीस, माझ्या दारावरून, माझ्याकडं न बघता. आणि वर्षाच्या आत तुम्ही घोटीला निघून गेलात. मी लोकांना सांगितलं, मल्हारीरावांना गिरणीत काम लागलं म्हणून गेले.

एवढं तू न सांगताच ओळखलं होतंस. जे माहीत नाही ते आता लिहितो. ते तुझ्या वहिनीलाही माहीत नाही.

काळ्या रंगावर चुन्याचा एक हात मारला तर खालची अक्षरं फार दिवस दबत नाहीत. पहिल्या पावसात वर येतात. हे नवशिक्या पेंटरलाही कळतं. मी एकच हात मारून पैसे घेतले असते तर रावजीला काय समजलं असतं? सभा झाली असती, जूनमध्ये पोरांची नावं आपोआप परत दिसली असती आणि माझ्यावर काही आलंही नसतं. पण मी चुन्यात डिंक घातला. एक हात मारला, वाळू दिला. दुसरा मारला, वाळू दिला. तिसरा मारला. लांब उभा राहून पाहिलं, कुठं काळं दिसत नाही ना. काम चोख झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. सात पावसाळे झाले, चांगुणे, एक काना वर आलेला नाही.

याची मला लाज वाटते. पोटासाठी पुसलं असं म्हणता येतं. इतकं चांगलं पुसलं ते कशासाठी?

तर आता मी काय केलं ते ऐक. चौदा तारखेला रावजी तणतणत आला. म्हणाला, "आता नळ राहतो का बघा!" मी म्हणालो, "तू कशाला त्रास घेतोस?" घरातून पाना आणला, मेन कॉक बंद केला, नळाची तोटी फिरवून काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "साहेबांना दे. म्हणावं, धोंडीरामनं परत केली." त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाणी सांडलं. शेजारचे सगळे बघत होते.

तुझी वहिनी माझ्यावर जी तुटून पडली! "भाषणं तुम्ही ठोकणार आन हंडा मी वाहणार? माझ्या गुडघ्याला इचारलं व्हतं का?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हंडा घेऊन चौकातल्या रांगेला गेली, सात वर्षांत पहिल्यांदा. तासाभरानं परत आली ती वेगळीच. म्हणाली, "लय वेळ लागतो हो पाण्याला. बाया पहाटं चारपासून उभ्या राहत्यात. मला कुणी सांगितलं नाय." मी म्हणालो, "तू विचारलं नाहीस. मीही नाही." आता रांगेत उभी राहून तीच माझा प्रचार करते. माझ्यापेक्षा बरा करते.

आणि परवा मी गोदामाच्या भिंतीवर नावं पुन्हा लिहिली. रावजीच्या लोकांनी ती भिंत आधीच धरली होती, कोपऱ्यात पक्षाचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यानं धरलेल्या भिंतीला हात लावला. माझं नाव, माझी शिडी, मत द्या, यातलं काही त्यावर नाही. एकेका आईला घरी जाऊन विचारलं, लिहू का. दोघी रडल्या, एकीनं मला शिव्या दिल्या, पण लिही म्हणाल्या सगळ्याच. आठ नावं झाली.

तिसरी ओळ रिकामी ठेवली आहे. तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. चौकात लोक विचारतात, पेंटर, इथं जागा का सोडली? मी माइकवर सांगतो. तिथं माझ्या भाचीचं नाव होतं, ते मी नळासाठी पुसलं. कोंडाजी म्हणाला, असं सांगून मतं जातात. गेली तर गेली.

तू हो म्हण नाहीतर नाही म्हण. गप्प राहिलीस तरी मी ती ओळ भरणार नाही.

धोंडीराम

नाशिक,
दि. ११ मार्च १९८५

चांगुणा,

पडलो. दणकून पडलो. आठशे बारा मतं, अनामत जप्त. साहेब निवडून आले. तरी आठशे बारा हा आकडा मी पुन्हा पुन्हा म्हणून बघतो. ती माणसं शिडीवर शिक्का मारताना पुरती शुद्धीवर होती आणि मी काय केलंय ते त्यांना माझ्याच तोंडून कळलेलं होतं. पुढच्या खेपेला पुन्हा उभा राहीन. हात थरथरतो, आवाज नाही थरथरत.

नवी लाइन आलेली नाही. पण परवा रांगेतल्या तीसेक बाया तुझ्या वहिनीला पुढं घालून रिकामे हंडे घेऊन महापालिकेच्या पाण्याच्या ऑफिसात गेल्या. इंजिनिअर मीटिंगमध्ये आहेत म्हणाले, तेव्हा तुझी वहिनी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बसू द्या त्यांना. माझा गुडघा दुखतोय, मलाबी घाई नाय." चार वाजता कुणीतरी बाहेर येऊन अर्ज घेतला. उद्या पुन्हा जाणार आहेत.

हे सगळं नंतरचं. आज सकाळी लताबाई धावत आली. म्हणाली, "दादा, भिंत बघा." म्हणाली, काल दुपारी घोटीच्या गाडीनं एक बाई आली होती, डोक्यावरून पदर, कुणाशी बोलली नाही. पिशवीतून चुलीतला कोळसा काढला, भिंतीपाशी बराच वेळ उभी होती, आणि आली तशी गेली.

मी जाऊन पाहिलं. तिसऱ्या ओळीत "भागी" लिहिलं आहेस. वय लिहिलं नाहीस. अक्षर वर चढत गेलंय, भा मोठा, गी लहान, वेलांटी अर्ध्यात थांबून पुन्हा ओढलेली. दुसरीतून शाळा सोडलेल्या बाईनं सात वर्षं मनात गिरवलेलं अक्षर. मी या गावात हजार भिंती लिहिल्या, चांगुणे, त्यातली एकही अशी झाली नाही. मी तिथं उभ्यानं रडलो, लोकांदेखत, आणि डोळे पुसले नाहीत.

तू माझ्या दारी आली नाहीस. येशील असं मी म्हणत नाही. माफ कर असंही लिहीत नाही, ते मागायची वस्तू नाही.

हे पत्र मी भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसून लिहितो आहे. दुपारी साहेबांची मिरवणूक याच रस्त्यानं जाणार आहे. मतदान होईपर्यंत या नावांना हात लावायची रावजीची छाती झाली नाही. आता त्याला भिंत पांढरी पाहिजे, वर "अभिनंदन" पाहिजे. त्यानं झुंबर पेंटरला पाठवलंय. झुंबर माझ्याच हाताखाली शिकला, आता त्याचीही चाळिशी उलटली. चुन्याच्या दोन बादल्या घेऊन समोर उभा आहे.

"उस्ताद, उठा," म्हणतो. "माझं पोट हाय याच्यावर."

"माझंही होतं," मी म्हणालो. "मी नाय उठत. मारायचाच असला तर माझ्या अंगावरनं मार."

त्यानं बादल्या खाली ठेवल्यात. शेजारी उकिडवा बसून बिडी ओढतोय. भिंतीकडं बघतो आणि नावं वाचतो, ओठ हलतात त्याचे. तिसऱ्या ओळीपाशी थांबला. "हे कुणी लिहिलं? पेंटरचं दिसत नाय." मी म्हणालो, "आईनं." त्यानं बिडी विझवली. तुझी वहिनी हंडा भरून या बाजूला येताना दिसतेय, मागून बाकीच्या बाया. मिरवणुकीचा बँड अजून लांब आहे.

कोळशाचं अक्षर पावसात टिकत नाही, हे तुला सांगायला हवं. लोक म्हणतात, पेंटर, वरनं काळ्या रंगानं गिरवून टाक, पक्कं होईल. मी गिरवणार नाही. तुझ्या अक्षरावर माझा हात पुन्हा फिरणार नाही. जूनमध्ये ते पुसलं जाईल. तेव्हा तू ये आणि पुन्हा लिही. पुढच्या वर्षी पुन्हा. माझ्या दारावरून जा, माझ्याकडं बघू नकोस, पण ये. तोवर ही जागा कुणी पांढरी करणार नाही, एवढं मी बघतो.

भिंतीपाशी बसलेला,
भागीचा मामा