मिने, थांब!

५ जुलै, शनिवार

अखेर खोली लागली! माती परीक्षण प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दिपकच्या घराचा वरचा मजला. खाली तो आणि त्याची बायको मिना. मी चिपळूणची, हिंगोली नकाशात शोधून आलेली. निघताना आई रडत होती. आज तिला फोनवर सांगितलं, की गल्लीत हळदीचा वास भरून असतो आणि मिनाने पहिल्याच जेवणाला भाकरी-ठेच्याबरोबर दमही वाढला: मला ताई-बिई म्हणायचं न्हाई.

दिपकचं तोंड मिटत नाही. दर वाक्याला बायकोला हाक. मिने, चहा. मिने, किल्ली. मिना म्हणते, माझं नाव झिजवून टाकलं यानं.

मिनाचा धाकटा भाऊ रणजीत, तिला अक्का म्हणतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने बेत काढलाय, पाऊस धरला की औंढ्याच्या पुढे डोंगर चढायला जायचं. मी तयारच! कोकण सोडल्यापासून डोंगर पाहिलेला नाही.

२० जुलै, रविवार

जाऊन आलो.

गाडी पायथ्याच्या तांड्यावर भावसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी लावली. रणजीतची त्यांची जुनी ओळख. पाऊस वाढला तर नाला अडवील, लवकर उतरा, एवढंच ते म्हणाले. चढताना मजा आली. सागाची पानं, पायाखालून वाहणारं लाल पाणी, दिपकच्या गप्पा. वर पोचलो आणि पाऊस असा कोसळला, की हातभर लांबचा माणूस दिसेना.

उतरताना दिपक मागे राहिला. बुटाची नाडी सुटली, म्हणाला. आम्ही खडकाआड थांबलो. थोड्या वेळाने धुक्यातून आला, काही न बोलता मिनाचा हात धरला आणि पुढे झाला. नाला गुडघ्यापर्यंत चढला होता, तो कसाबसा ओलांडला.

तेवढ्यात वरून हाक आली. "मिने, थांब! अगं थांब ना!"

दिपकचाच आवाज. आणि दिपक आमच्यात उभा होता, तोंड मिटलेलं. मिना त्याच्याकडे बघत राहिली. तो हसला. रणजीत म्हणाला, डोंगर आवाज फिरवतो, चला लवकर. आम्ही निघालो. मागून आणखी दोनदा ऐकू आलं.

२१ जुलै, सोमवार

दिपक कामावर आला नाही. अंग दुखतंय म्हणे. पाऊस थांबलेला नाही.

२३ जुलै, बुधवार

खाली चहाला गेले होते. दिपक खुर्चीत बसलेला. विचारलं, बरं वाटतंय का? "बरं वाटतंय," म्हणाला. उद्या येणार का? "उद्या येणार." माझेच शब्द, परत.

त्याने कप घेतला तेव्हा बोटं दिसली. फार वेळ पाण्यात राहिल्यावर सुरकुततात तशी, पांढरी. रविवारी भिजलो होतो आम्ही. आज बुधवार.

आणि घर किती शांत आहे. जिन्यात आल्यावर लक्षात आलं. तो मिनाला हाकच मारत नाही.

२४ जुलै, गुरुवार

भावसिंगांचा रणजीतला फोन आला. रणजीतने स्पीकर लावून मला ऐकवलं. "तुमचं एक माणूस वर राह्यलं का? ढोरामागं गेलेले लोक सांगून राहिले, कुणीतरी वरडतंय. मिने, मिने म्हणतंय."

रणजीत म्हणाला, चौघं गेलो, चौघं आलो.

"व्हय, म्या बी चौघंच पाह्यले," भावसिंग म्हणाले. "मंग ते कोण हाय?"

रणजीत तसाच तांड्यावर गेला. नाल्याला कमरेच्या वर पाणी, उतरता येईना. अलीकडूनच ओरडून विचारलं, लग्नात तुमचा बूट कुणी लपवला होता? वरून उत्तर आलं: तूच रे, शेणात! नंतर म्हणाला, पाय दगडाखाली अडकलाय, पाणी चढतंय, मिनेला सांग.

परत येऊन रणजीत माझ्या खोलीत लहान मुलासारखा रडला.

२५ जुलै, शुक्रवार

आम्ही दोघांनी मिनाला घराबाहेर बोलावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. तिला माहीत होतं. रात्री त्याच्या अंगाला ओल्या दगडाचा वास येतो, म्हणाली.

पोलिसांना तूच सांग, मी म्हटलं. बायकोने सांगितल्याशिवाय कोण वर जाईल?

"माझा माणूस घरात हाय," मिना म्हणाली. "वर कोण हाय ते मला नको सांगू. वरचा मेलेला निघाला तर? हा बी जाईल, तो बी जाईल. मी काय करू मंग?"

आत निघून गेली. मग आम्हीच पोलिसांना फोन केला. ते आले, दारात त्याला उभा पाहून गेले. आम्हालाच झापलं.

२६ जुलै, शनिवार

रणजीत तांड्यावरच आहे. म्हणतो, आवाज बारीक झालाय. आता नुसतं 'मि—' एवढंच.

खाली तो दिवसभर भिंतीला तोंड करून बसतो. ऐकत असल्यासारखा.

२७ जुलै, रविवार, दुपार

रणजीतचा फोन. पाणी उतरलं. भावसिंग आणि तो वर पोचले — कपारीत होता. दिपक. गेला. अंग अजून कोमट होतं, सृष्टी, कोमट — अक्काला घेऊन बाहेर नीघ —

फोन कानालाच होता, तेव्हाच खालून हाक आली. "मिने!"

आठवड्यात पहिल्यांदा. अगदी दिपक. तसाच, लाडाचा.

मिना म्हणाली, "आले."

मी जिन्याकडे धावले. मागचं दार उघडं. खाली कुणी नाही. ओरडले. पाऊस एवढा, की शेजारी कुणाला —

मागे आड आहे. तिकडून काहीतरी पडल्याचा आवाज.

तिकडे गेले नाही. वर आले. कडी लावली. रणजीत फोन उचलत नाही. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय.

आडातून मिना. "सृष्टी! अगं हात दे! सृष्टी!"

जायला हवं. दोर — दोर कुठे —

जिन्यात पावलं. ओली. हळू.

खिडकीतून पाहिलं. मिना आहे. दाराशी उभी. केसांतून पाणी गळतंय. हसतेय. बोलत नाही.

आडातून अजून हाक येतेय.

कडी हलतेय. मी खिडकीतून उतरते, पत्र्यावरून आडापर्यंत, जिवंत आहे ती, अजून जिवं—