तीस अंशांचा आराम

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी मान, कंबर आणि डावा गुडघा सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या पाचांवर भागवून घे.) तू, वहिनी आणि तुमचा कुत्रा खुशाल असणारच, तंबूबाहेर बसून काढलेला तिघांचा फोटो मिळाला. कुत्र्याने चांगलं अंग धरलंय. इकडे मी आणि बाबा आहोत. 'मजेत आहोत' असं लिहायला घेतलं होतं, पण खोट्यासाठी शाई कशाला दवडा?

तुझं पार्सल पोचलं. घरी दिवसा दार उघडायला कुणी नसतं म्हणून ते आमच्या चष्म्याच्या दुकानात आलं. मी मागच्या खोलीत काचा घासत होते. मालकांनी ते माझ्या देखत फोडलं आणि आतून हिरव्या कापडाचं बोचकं, दोन पट्टे, चार कड्या आणि तुझी चिठ्ठी निघाली. 'तुला जरा आराम मिळावा म्हणून हा हॅमॉक. दोन झाडं शोध आणि खुशाल पड.' दादा, तू या घरात बावीस वर्षं राहिलास. तिसरा मजला, दोन खोल्या, एक न्हाणीघर. यात झाडं नेमकी कुठे होती ते तुला आठवत असेल तर उलटटपाली कळव. माझ्याकडे कोरफडीची एक कुंडी आहे. तिच्या भरवशावर मी काही लटकणार नाही.

तरी पाठवलंस म्हणून रविवारी खटपट केली. एक पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा आईच्या लोखंडी कपाटाच्या मुठीला. बसले. आधी मी पडले, मग कपाट. ते वाटेत पलंगाच्या कडेला टेकून थांबलं म्हणून हे पत्र तुला माझ्याच अक्षरात मिळतंय. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे बंबवाले काका (तू गेल्यानंतर राहायला आले, आग विझवण्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेत) धावत वर आले, सवयीने बादली घेऊनच. मला कपाटाखालून ओढून काढल्यावर त्यांनी पुढच्या खोलीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भिंत पोखरून दोन जाड हूक बसवले. तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस वाकून जातो. असा मान या घराला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

आता मी आपला विचार केला, जितकं ताणावं तितकं सपाट, आणि सपाट म्हणजे आराम. दोन्ही पट्टे काकांकडून होतील तेवढे ओढून घेतले. हॅमॉक असा ताठ झाला की टिचकी मारली तर वाजावा. त्यावर पाठ टेकली मात्र, त्याने मला तव्यावर उलथावं तसं उलथून फरशीवर तोंडघशी घातलं. मग चिडून सगळे पट्टे सैल सोडले. या खेपेस पडले नाही, पण माझी मधोमध घडी झाली. गुडघे नाकाशी, हनुवटी छातीत, आणि बाहेर काही निघता येईना. बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. काका बाजारात गेले होते. पाऊण तास मी त्या हिरव्या पिशवीत भाजीसारखी लटकून होते.

त्यानंतरच मी तुला फोन लावला होता. तू स्वतः दोन झाडांमध्ये झुलत बोलत होतास, आणि खरं सांगते, चांगलं समजावलंस. पट्टा हुकापासून आडव्या रेषेच्या तीस अंश खाली उतरायला हवा, पायांकडची बाजू वीतभर वर हवी, सरळ नाही तर तिरकं पडायचं, म्हणजे पाठ सपाट होते. अठरा मिनिटं बोललास. पट्टा कुठल्या खाचेत आहे ते विचारलंस, कड्या विचारल्यास, भिंत विटेची का सिमेंटची तेही विचारलंस. फोन माझ्या हातात होता आणि बाबा माझ्या मागेच, तुला फोनात दिसत होते. शेवटी म्हणालास, 'अगं, तुला पडताच येत नाही!' आणि जेवण वाढल्याची हाक आली म्हणून फोन ठेवलास. आमच्या दुकानात एखाद्याला फ्रेम टोचत असली तर मी त्याला 'तुम्हाला नाकच नाही' असं सांगत नाही. फ्रेमची दांडी गरम करून केसभर वाकवते. असो.

फोन ठेवल्यावर मी पट्ट्यांशी झटत होते तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "कोन चुकलाय."

तुला कल्पना यायची नाही, म्हणून सांगते. कण्याला बाक आल्यापासून बाबांना पाठ टेकली की कळ येते. चौदा महिने ते खुर्चीत बसून झोपतात, आणि मानेखालची उशी घसरली की ती लावायला मी उठते. बोलणं तर 'हं' आणि 'नको' यावर आलं होतं. तोच माणूस एकदम म्हणाला, "दोर जितका सपाट, तितका ताण जास्त. अशानं माल पडतो." आणि त्यांनी हात वर केला. क्रेनवर चौतीस वर्षं काढलेला हात, दादा. अंगठा वर म्हणजे उचल, तळवा खाली म्हणजे हळू सोड, मूठ म्हणजे थांब. मी खुर्चीवर चढून उतरून पट्टे सरकवत होते आणि ते तोंडातून अवाक्षर न काढता, नुसत्या बोटांनी, मला चालवत होते. एकदा मी मूठ बघितली नाही तर असे खेकसले की काका खालून बादलीशिवाय आले. वीस मिनिटांनी मूठ झाली, आणि तशीच राहिली. "आता पड. तिरकी."

मी पडले. डोकं डाव्या कडेला, पाय उजव्या. काही टोचलं नाही, काही वळलं नाही, घडीही झाली नाही. मानेतली ती गाठ, जिला मी आता घरातलंच माणूस समजते, ती सुटली. अकरा मिनिटं. (समोर घड्याळ होतं.) तेवढ्यात बाबा म्हणाले, "मला बघू दे."

काकांनी आणि मी त्यांना धरून बसवलं, पाय उचलून तिरके ठेवले, गुडघ्यांखाली उशी दिली. कळ आली नाही. त्या कापडाचा बाक आणि बाबांच्या पाठीचा बाक एकाच मापाचे निघाले. चार तास झोपले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा आडवे. काका दाराशी उभे राहून नाक शिंकरत होते आणि मी जमिनीवर बसून नुसती बघत होते.

उठल्यावर बाबा काकांना म्हणाले, "माझ्या मुलानं पाठवलंय. एवढ्या लांब असून किती लक्ष आहे त्याचं!" नंतर दूधवाल्याला म्हणाले. डॉक्टरांना म्हणाले. मीटर बघायला आलेल्या माणसाला थांबवून, वाकवून, हूकसुद्धा दाखवला. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, असा मुलगा आहे." मी तेव्हा बाबांच्या पायाला तेल लावत होते, डॉक्टरांनी मला गरम पाणी आणायला सांगितलं.

तर असा तू पाठवलेला आराम सत्कारणी लागला. बाबा त्यात झोपतात, आणि रात्री हाक ऐकू यावी म्हणून मी त्यांच्या खुर्चीत. दुकानात काल एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. वहिनीला नमस्कार, कुत्र्याला जे काय सांगायचं असेल ते.

तुझी,
धाकटी

ता. क. आणखी एक हॅमॉक पाठवू नकोस. भिंती संपल्या.

ता. क. २. वरचं वाचून बाबांवर रागावशील म्हणून एक कबूल करते. पार्सल माझ्यासाठी आहे असं कळलं असतं तर ते त्यात कधीच पडले नसते. काकांनी उचलायच्या आधी मीच बाबांच्या कानात सांगितलं, 'दादाने तुमच्यासाठी पाठवलंय, तुमची पाठ दुखते म्हणून त्याला झोप लागत नाही.' तुझी चिठ्ठी मी फाडून टाकली आहे. डॉक्टरांचं कौतुक तू ठेवून घे, मला परत नको.

ता. क. ३. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेपासून आठ दिवस मी घरी नाही. कुठे, ते विचारू नकोस. एका मैत्रिणीची खोली रिकामी आहे आणि तिथे चार पायांचा, न हलणारा पलंग आहे. रजा मंजूर झाली. 'दादा येतोय' असं बाबांना सांगून टाकलंय. अजून बावीस दिवस आहेत, पण त्यांनी आजच काकांकडून दाढी करून घेतली आणि तुझ्यासाठी कुठला टॉवेल काढायचा ते मला दोनदा विचारलं. यायला जमणार नसेल तर मला कळवू नकोस. फोन त्यांना कर.