डॉक्टरांचे ठरलेले प्रश्न

डॉक्टरसाहेब,

काल चेपस्टोच्या शर्यतीत माझा गेथिन कुंपणावरून उडी मारताना घोड्यासकट कोसळला. डोक्याला मार नाही ना, हे बघायला तुम्ही त्याला प्रश्न विचारलेत. त्याने धडाधड उत्तरं दिली. देणारच. तुमचे प्रश्न ठरलेले असतात आणि सगळे जॉकी उत्तरं घोकूनच घोड्यावर बसतात.

घरी आल्यावर मला म्हणाला, "आई, बाबा अजून मेंढ्यांकडेच का? बोलाव की, चहा गार होतोय."

त्याच्या बाबांना आम्ही तीन वर्षांपूर्वी चॅपलमागे पुरलं. खांदा द्यायला हाच पुढे होता.

शनिवारी त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत आहे. हे पत्र टाकलं तर तुम्ही त्याला घोड्यावर बसू देणार नाही, आणि तो मला जन्मात माफ करणार नाही.

आत्ताही तो दारात उभा राहून बाबांना हाका मारतोय. मी तिसरा कप भरून ठेवलाय.

गेथिनची आई,
मॉरविड