तपास सुरू आहे

४ मार्च

नाहीसे झाले! हिचे संकेतस्थळ सकाळी उघडले, तर समोर कोरे पांढरे पान! कालपर्यंत सर्व जागच्या जागी होते. ही जाऊन आता वर्ष होत आले. शिवणकामावर हिने लिहिलेले ते लेख, एवढाच काय तो हिचा आवाज माझ्यापाशी उरला होता. एक लेख आधीच दुरुस्त करून झाला होता; बाहीवरील दुसराही मी कालच संपवला. आज गळ्यांचे प्रकार घेणार होतो. सुईदोऱ्यात हिचा हात धरणारे कोणी नव्हते; लेखनात मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा आनंदीआनंद! हिचे नाव असलेली पाने तशा अवस्थेत लोकांपुढे राहावीत, हे मला पटत नव्हते.

ज्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रांवर ही पाने ठेवलेली असतात, तिला तत्काळ तक्रार लिहिली. कन्येला सांगितले. "बघू हं बाबा," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

७ मार्च

कंपनीचे उत्तर : "तपास सुरू आहे."

११ मार्च

पुन्हा तेच! खाली आणखी : "आपली गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हे वाक्य आहे की अपघात? शुद्ध करून परत पाठवले. सोबत विचारले — पाने आहेत की गेली, एवढे तरी कळवा.

१५ मार्च

धक्काच बसला. कंपनीतील एका बाईंचा दूरध्वनी! "आजोबा, तुमच्या तक्रारी आम्ही ऑफिसात मोठ्यानं वाचतो. इतकं स्वच्छ कुणी लिहीतच नाही हो! ग्राहकांना लेखी उत्तरं द्यायला माणूस हवाय. मुलाखतीला येता का?"

मी वय सांगितले.

"मग काय झालं? पळायचं थोडंच आहे!"

कन्येची हसून मुरकुंडी वळली. "बाबा, तुम्ही नाही, ग्राहक पळतील!" हसो बापडी. नोकरीची हौस मला नाही. परंतु आत शिरल्याखेरीज हिची पाने सापडायची नाहीत.

१९ मार्च

घरी येताच लिहायला बसलो आहे. अक्षर बिघडले तर बिघडो.

काचेची खोली. समोर त्या बाई आणि एक चष्मेवाला तंत्रज्ञ. त्याने विचारले, "साइट उघडत नाही म्हणून ग्राहक ओरडतोय. पहिला प्रश्न काय विचाराल?" मी म्हणालो, "शेवटची केव्हा दिसली आणि त्यानंतर कोणी काय बदलले?" चष्मेवाला टेबलावर थाप मारून म्हणाला, "घ्या! आमच्या पोरांना हे शिकवता शिकवता नाकी नऊ येतात." मी सुखावलो. कबूल करतो, बराच सुखावलो.

मग बाई म्हणाल्या, "समजा, एक गृहस्थ लिहितात की साइट गायब झाली. तुम्हाला स्क्रीनवर दिसतंय की खातेदारानंच ती पुसायला सांगितली होती. हे गृहस्थ काही खातेदार नाहीत. काय उत्तर द्याल?"

"सत्य."

"नापास!" चष्मेवाला खदखदून हसला. "खातेदाराची गोष्ट तिसऱ्याला सांगायची नसते, आजोबा. नोकरी जाते."

"मग लिहायचे तरी काय?"

"तपास सुरू आहे. बस्स."

हेच उत्तर मला दोनदा आले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि एकाएकी जीभ चावली. माझी तक्रार त्यांना आठवली असावी. त्यांनी लगबगीने पाण्याचा पेला पुढे केला. तो माझ्या हातून निसटला.

म्हणजे बिघाड नव्हताच! कोणीतरी सांगून पुसले. आणि खाते हिच्या नावावर नव्हते. ते कन्येने स्वतःच्या नावाने उघडून दिले होते. माझ्या पोटच्या पोरीने!

घरी आलो. ती दार उघडून म्हणाली, "काय मग साहेब, कशी झाली मुलाखत?" मी तडक खोलीत आलो.

२० मार्च

विचारले. तिने नजर चुकवली नाही.

"हो, मीच. रोज सांगणार होते, धीर होत नव्हता. आईनं बजावून ठेवलं होतं, बाबा — 'ह्यांनी माझ्या लिहिण्याला हात लावला, तर सगळं उतरवून घे.' दोन लेख होईपर्यंत गप्प बसले मी."

मला शब्द सुचेना. मला!

"काही हरवलेलं नाही. सगळं आहे माझ्याकडे, तिनं लिहिलं होतं तस्सं."

"मला दे."

"वाचून दाखवीन," ती म्हणाली. "हातात नाही देणार."