आण्णांची क्वालिस आन् बारकी वायर

वडगाव रासाई,
२८ एप्रिल

सौ. तेजश्रीताईस,
पप्पूचा सा. न. वि. वि.

ताई, म्या आण्णांच्या क्वालिसची वायर काढली. हे पयलं सांगून टाकतो, मंग बाकीचं. फोनवर बोललो आसतो, पर तुझ्या सासूबाई स्पीकर लावल्याबिगर कुणाला बोलू देत न्हाईत. म्हून चिठ्ठी मेथीच्या पिशवीत घातली. नीट निवड, न्हाईतर मला फोडणीला टाकशील.

शिमग्याच्या आधी तिन्हीसांजंला मी आण्णांच्या शेजारी बसलो व्हतो. म्होरं उसाची ट्रॉली, मागं दिवा न्हाई. मला लांबून दिसली, त्यांना दिसलीच न्हाई. मी ष्टेरिंग वढलं, म्हून हे पत्र लिवतोय. उतरल्यावर म्हणले, गाडीचं लाईट मंद झाल्यात. ताई, लाईट दिवाळीला म्याच नवं बसवल्यात. पर आपला आजोबा डोळ्यांचं कबूल करील व्हय?

मला वाटलं, गाडीच दमंल एक दिस. ती कुठली दमतीय! तू पाटीवर अ-आ गिरवत व्हतीस तवाची गाडी. तिनं कांदं वाहिलं, बाळंतिणी नेल्या, दोनदा पासिंग झाली. ऑईल बदला, पाणी बघा, बास. कंपनीत शिफ्टा करून मी दमलो, ती न्हाई.

आन् गावची रीत तुला ठाऊकच हाय, तूबी तशीच गेलीस. लेक सासरी जाणार ती आण्णांच्याच गाडीतनं, चालवणार बी आण्णाच. का, तर ती वाटंत कवा थांबली न्हाई, मंग लेकीचा संसारबी थांबत न्हाई. आता मारुतकाकांच्या प्रांजलचं लगीन १२ तारखंला. पाठवणी तिन्हीसांजंची, दौंडापतोर. म्हून डिझेल पंपाच्या डोक्यावरची बारकी वायर काढली. स्टार्टर फिरतो, इंजान धरत न्हाई.

आण्णा रोज सकाळी चावी फिरवत्यात, मंग ओट्यावर गप बसत्यात. जेवणात मन न्हाई. मला बघवत न्हाई. लावू का परत?

लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे. वाढवायचा आसंल तर पिशवी परत करताना चकल्या घाल.

तुझा,
पप्पू


दौंड,
५ मे

चि. पप्पूस,
तेजश्रीचे अ. उ. आ.

चिठ्ठी सापडली. सासूबाईंना सांगितलं, औषधाचा कागद हाय. स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून पाय भरून आल्यात, तरी लिहायला बसले, कारण तू घाई करून वायर लावशील. लावू नको.

परवा आण्णा एकटेच यष्टीनं आले. मला म्हणाले, चल, डोळं दाखवू. डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकत चाललीय, गेलेली नजर परत यायची न्हाई. ऱ्हायलेली जपायला रोज थेंब टाकायचे.

घरी आल्यावर चहा बशीत ओतून घेतला आन् म्हणाले, पप्पूला वाटतं मला वायर कळली न्हाई. डोळं गेल्यात, बोटं न्हाई गेली. पहिल्याच सकाळी बॉनेटखाली हात घातला तर वायर लोंबत होती. मी विचारलं, मग लावली का न्हाई? तर म्हणाले, मी न्हाई म्हणलो तर गाव इचारंल, का वो सर्जेराव. गाडी न्हाई म्हणली तर कोण इचारतंय? बेणं हाय पोरगं, पर बरं केलं.

मग डोळं पुसले. मी भाकरी थापत ऱ्हायले, दुसरं काय करणार? तू आपला काही ठाऊक नसल्यासारखा वाग. तेवढं नाटक तुला जमतंच.

चकल्या घातल्यात. आण्णांना दोन दे, बाकीच्या एकटाच खाशील हे मला ठाऊक हाय. माया हायच, मागायची गरज न्हाई.

तुझी,
ताई


वडगाव रासाई,
१४ मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला व्हता. मारुतकाका ऐकंनातच. म्हणले, गाडी बंद तर बंद, ट्रॅक्टरनं वढू. पर माझी लेक सर्जेरावांच्याच गाडीत बसंल, आन् ष्टेरिंगवर सर्जेरावच. दोर बांधला, ट्रॅक्टर सुरू केला, प्रांजल रडत हुबी. दिस बुडाय लागलेला. वढून नेलेल्या बंद गाडीत तर बिरेकबी नीट लागत न्हाई.

आण्णांनी दोराला हात लावला. मंग मला हाक मारली आन् समद्या मांडवाम्होरं चावी माझ्या हातात दिली. म्हणले, म्हातारी झाली ती, माझ्या हातानं लागत न्हाई. तुझा हात लावून बघ. लोकांना म्हणले, बाजूला व्हा, पोराला बॉनेट उघडू द्या. आन् सोता पाठ करून हुबे ऱ्हायले.

म्या वायर लावली. पयल्या चावीला धरली, ताई! बायांनी नारळ फोडला. मारुतकाका म्हणले, सर्जेराव, बसा ष्टेरिंगवर. तर आण्णा म्हणले, तिनं ज्याचं ऐकलं त्यानंच न्यायची. आन् डाव्या बाजूला जाऊन बसले. एवढ्या वर्सांत पयल्यांदा.

दौंडापतोर नुसता उजवा पाय खाली दाबत व्हते. ट्रॉली आली की दाबायचे, वळण आलं की दाबायचे. तिथं बिरेक नव्हता, ताई. म्या त्यांचा पाय हालला की बिरेक लावत गेलो.

आता गावात समदे म्हणत्यात, गाडी रुसली व्हती, नातवाच्या हातानं उठली. म्हणू देत. तुझ्या पाया पडतो, वायरचं कुणाला सांगू नगं. दाजींना न्हाई, सासूबाईंना तर मुळीच न्हाई. आन् आण्णांना ठाऊक हाय हे मला ठाऊक हाय, हे आण्णांनाबी सांगू नगं.

तुझा,
पप्पू